डिकीतल्या सबवूफरसाठी गाडीत ओढलेली वायर : कामाच्या नोंदी

३ मे २०२५, शनिवार

गाडी २०१७ ची, पेट्रोलवर चालणारी आणि चार मीटरच्या आतली हॅचबॅक आहे. गेल्या वर्षी ती वापरलेली म्हणून घेतली, तेव्हा आधीच्या मालकाने त्यात बसवलेला अँप्लिफायर आणि सबवूफर (जाड, खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर) काढून घेतला होता. त्याची वायर मात्र गाडीतच राहिली. आता दहा इंची, दोन कॉइलचा सबवूफर आणि दोन ओहमवर ३०० वॅट देणारा क्लास-डी मोनो अँप्लिफायर बसवायचा आहे. ही जुनी वायर वापरता आली तर निम्मे काम वाचेल, असा विचार करून आज फक्त तिची तपासणी केली.

तपासणीत जे दिसले ते पाहून वायर तशीच ठेवण्याचा प्रश्न उरला नाही. तिचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला थेट आवळलेले होते आणि बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. दुसरे टोक डिकीच्या गालिच्याखाली काळ्या टेपमध्ये गुंडाळून ठेवलेले होते. मल्टिमीटर लावला तेव्हा त्यावर पूर्ण १२.५ व्होल्ट मिळाले. म्हणजे गेले वर्षभर ही जिवंत वायर गाडीच्या लोखंडी अंगाला लागूनच होती आणि मध्ये फक्त टेपचे थर होते. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, ती आत आणताना नवे भोक पाडलेले होते, त्याला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) नव्हते आणि पत्र्याच्या धारेने वायरचे आवरण एका जागी निम्मे कापले गेले होते.

वायरचा एक धागा चाकूने खरवडला. वर तांबूस दिसणारा धागा आतून पांढरा निघाला, म्हणजे ही तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर होती. आवरणावर ‘८ गेज’ असे जाडीचे माप छापलेले होते. शुद्ध तांब्याच्या आठ गेजच्या वायरचा रोध मीटरमागे साधारण दोन मिलिओहम असतो आणि मुलाम्याच्या वायरचा सव्वातीनच्या आसपास जातो. बॅटरी ते डिकी हा मार्ग वळणे धरून साडेपाच मीटरचा भरला, म्हणजे एकूण रोध सुमारे १८ मिलिओहम. हा आकडा लहान वाटतो, पण बॅटरीशी थेट जोडलेल्या अशा वायरचे टोक बॉडीला टेकले तर छोटी ३५ अँपिअर-तासांची बॅटरीसुद्धा तिच्यातून चारशे अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रवाह ढकलू शकते. तेवढ्या प्रवाहात वायर काही सेकंदांत लाल होते. पूर्वी ज्यांनी हे काम केले त्यांनी पैसे घेताना फ्यूजचेही घेतले असतील, असे वाटते. आज बॅटरीकडचे टोक सोडवले आणि वायर संपूर्ण ओढून बाहेर काढली.

४ मे २०२५, रविवार

नवीन काहीही जोडण्याआधी गाडीची मूळ स्थिती मोजून ठेवली. गाडी बंद असताना बॅटरीतून किती प्रवाह जातो हे मोजण्यासाठी निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मल्टिमीटर दहा अँपिअरच्या मापनावर मालिकेत जोडला. दाराचे कुलूप पेचकसाने बंद स्थितीत ढकलले, म्हणजे दार उघडे असूनही गाडीला ते बंद वाटते. अर्ध्या तासाने, सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपल्यावर, प्रवाह २२ मिलिअँपिअरवर स्थिरावला. मल्टिमीटर मध्ये असताना चुकूनही किल्ली फिरवायची नाही, कारण स्टार्टरचा प्रवाह मीटरचा फ्यूज तत्काळ उडवतो.

उरलेला वेळ मार्ग ठरवण्यात गेला. या गाडीत बॅटरी डाव्या हाताला, म्हणजे चालकाच्या विरुद्ध बाजूस आहे आणि कंपनीच्या मुख्य वायरिंगचे मोठे रबरी ग्रोमेट चालकाच्या पायांच्या वर आहे. त्या ग्रोमेटवर एक बंद बोंडी आहे. पुढे कधी जादा वायर घालावी लागली तर कापून वापरता यावी म्हणून कंपनी ती ठेवते. बोंडी कापल्यावर १६ चौरस मिलिमीटरची वायर तिच्यात घट्ट बसते आणि नवे भोक पाडावे लागत नाही. पूर्वीच्या माणसांना ही बोंडी दिसली नाही की वाकून पाहण्याचे कष्ट घ्यायचे नव्हते, हे त्यांनाच ठाऊक.

आतल्या बाजूला जे काही पिवळ्या नळीत किंवा पिवळ्या कनेक्टरमध्ये आहे त्याला हात लावायचा नाही, हा नियम आहे. ती एअरबॅगची आणि सीटबेल्ट ताणून धरणाऱ्या यंत्रणेची वायर असते. मधल्या खांबाच्या तळाशी असा एक कनेक्टर नेमका आपल्या मार्गावर आहे. तिथली वायर त्याच्याखालून न्यायची आणि काम करताना बॅटरीचे निगेटिव्ह काढून किमान दहा मिनिटे थांबायचे, असे ठरवले.

१० मे २०२५, शनिवार

सामान पुण्यात तपकीर गल्लीतून आणले. गाडीच्या साउंडच्या दुकानात रंगीत पाकिटात ‘४ गेज, ३००० वॅट’ असा संच मिळतो. त्यात वायर, फ्यूज, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचे, बोल्टसाठी भोक असलेले तुकडे) सगळे असते, पण त्यातली वायर बहुधा मुलाम्याचीच असते आणि आवरण जाड ठेवून वायर आहे त्यापेक्षा जाड दाखवलेली असते. त्याऐवजी १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल मीटरवर घेतली. वेल्डिंग केबलला भारतीय मानक आहे आणि तिचे एचओएफआर प्रकारचे आवरण उष्णता व तेल सहन करते, आगीत सहज भडकत नाही. तिचे धागे केसांसारखे बारीक असल्याने ती वळणावर हट्ट करत नाही. दिसायला ती रांगडी आहे, पण ती पॅनेलखाली जाणार असल्याने तिच्या रूपाचा काही उपयोग नाही.

जाडीचा हिशेब असा. ३०० वॅट, क्लास-डीची कार्यक्षमता ८० टक्के आणि इंजिन चालू असतानाचे १३.८ व्होल्ट धरले तर जास्तीत जास्त प्रवाह २७ अँपिअर येतो. बारीक धाग्यांच्या १६ चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरमागे १.२ मिलिओहम, म्हणजे साडेपाच मीटरला ६.७ मिलिओहम आणि पूर्ण प्रवाहावर ०.१८ व्होल्ट घट. जुन्या वायरवर हीच घट अर्ध्या व्होल्टच्या जवळ गेली असती. प्रामाणिकपणे सांगायचे तर या अर्ध्या व्होल्टने आवाजात जाणवेल असा फरक पडत नाही, कारण ती पॉवरमधली सातेक टक्क्यांची घट आहे आणि डेसिबलमध्ये ती जेमतेम ०.३ भरते. ‘जाड वायर टाका, बास फुटेल’ हे काउंटरवरचे वाक्य म्हणून ठीक आहे. जाड वायर घ्यायची ती उष्णतेसाठी. जुन्या वायरीत जळणारे १३ वॅट साडेपाच मीटरवर पसरले तर काही बिघडत नाही, पण तेवढाच रोध एका सैल लगमध्ये साठला तर त्या नखाएवढ्या जागेत १३ वॅट जळतात आणि आवरण वितळू लागते.

म्हणून लगवर जास्त लक्ष दिले. कथिलाचा मुलामा असलेले तांब्याचे ‘१६-८’ लग घेतले, म्हणजे १६ चौरस मिलिमीटरची वायर आणि आठ मिलिमीटरचे भोक. दाबण्यासाठी एका वायरमन मित्राचे हायड्रॉलिक क्रिम्पिंग यंत्र दोन आठवड्यांसाठी मागून आणले आहे. पक्कडीने दाबलेला लग ओढून निघतो. फक्त सोल्डर केलेला लगही मला नको, कारण तापल्यावर सोल्डर मऊ पडते आणि ते जिथे संपते तिथे वायर ताठ होऊन हादऱ्यांनी तुटते. याशिवाय मिडी प्रकारचा ५० अँपिअरचा फ्यूज व झाकणाचा होल्डर, खाचेची काळी नळी, श्रिंक ट्यूब आणि कापडी टेप घेतला. फ्यूज अँप्लिफायरसाठी नसून वायरसाठी आहे. अँप्लिफायरच्या अंगावर त्याचा स्वतःचा ४० अँपिअरचा फ्यूज आहेच.

११ मे २०२५, रविवार

बॉनेटमधले काम सकाळी लवकर उरकले, कारण नऊनंतर पार्किंगमधला पत्रा हात लावण्याच्या पलीकडे तापतो. फ्यूज होल्डर बॅटरीच्या ट्रेच्या बाजूला बसवला आणि पॉझिटिव्ह टर्मिनल ते फ्यूज हे अंतर ३० सेंटिमीटरच्या आत ठेवले. हौशी मंडळींत ४५ सेंटिमीटरची मर्यादा पाळतात. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला वायरचा तुकडा सर्वस्वी असुरक्षित असतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा.

तिथून वायर काचेखालच्या पन्हळीच्या कडेने चालकाच्या बाजूला नेली. एक्झॉस्टच्या बाजूने अंतर कमी पडते, पण तो मार्ग घेतला नाही. क्लचची केबल आणि स्टिअरिंगचा दांडा या हलणाऱ्या वस्तूंपासूनही वायर हातभर दूर ठेवली. संपूर्ण लांबीवर खाचेची नळी चढवून दर वीतभर अंतरावर टाय मारले. नळीमागे आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात पार्किंगमधले उंदीर उबेला बॉनेटमध्ये शिरतात आणि वायर कुरतडतात. आमच्या इमारतीत अनेक जण बॉनेटमध्ये तंबाखूची पाने बांधून ठेवतात. त्याचा उंदरांवर किती परिणाम होतो ते कळत नाही, मात्र गाडीत वास चांगला मुरतो.

ग्रोमेटच्या बोंडीचे टोक कापून जाड तारेचा आकडा आतून बाहेर काढला, त्याला वायरचे टोक टेपने बांधले आणि साबणाचे पाणी लावून वायर आत ओढली. बोंडीच्या तोंडाशी वायरला खाली झोळ दिला, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी टपकेल आणि आत शिरणार नाही. जुन्या भोकाची धार घासून तिला प्रायमर लावला आणि त्यात रबरी बूच बसवले.

१७ मे २०२५, शनिवार

आतून वायर ओढण्यात सांगण्यासारखे फार नाही. दारांच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वरच्या दिशेने सरळ उपसल्या की क्लिपा शाबूत राहतात. त्याखाली कंपनीच्या वायरिंगची पन्हळ आहे आणि तिच्यात आपली वायर मावते. मागच्या सीटखालून ती डिकीत काढली. पॉवरची वायर उजवीकडून नेली असल्याने सिग्नलसाठी डावी बाजू मोकळी ठेवली.

खरा वेळ अर्थिंगने घेतला. अँप्लिफायरचा निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडायचा म्हटले की बहुतेक जण डिकीत स्क्रू मारून मोकळे होतात. या गाडीत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहे, त्यामुळे तिथे ड्रिल चालवणे हा विषयच नको. सीटबेल्टचा बोल्टही वर्ज्य आहे, कारण त्याचा आवळ ठरवून दिलेला असतो आणि मध्ये लग घातला की तो बदलतो. उरल्या दोन जागा : मागच्या दिव्याच्या अर्थचा सहा मिलिमीटरचा बोल्ट, आणि बाजूच्या जाड पत्र्यावर वेल्ड केलेला आठ मिलिमीटरचा मोकळा नट.

दोन्हींपैकी चांगली कोणती हे ओहममीटर सांगू शकत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधच ०.२ ओहम, म्हणजे २०० मिलिओहम असतो आणि आपल्याला पाच-दहा मिलिओहमचा फरक शोधायचा आहे. म्हणून प्रवाह वाहता ठेवून घट मोजली. हेडलाइटचा जुना एच-४ बल्ब घेऊन त्याचे दोन्ही फिलामेंट नव्या पॉझिटिव्ह वायरला जोडले आणि बल्बचा निगेटिव्ह तपासायच्या बोल्टला लावला. असे सुमारे नऊ अँपिअर वाहतात. मग मीटरचे एक टोक त्या बोल्टवर आणि दुसरे, लांब बारीक वायर जोडून, थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवले. मीटरमधून प्रवाह जवळजवळ जातच नसल्याने ही वायर बारीक असली तरी मापनात फरक पडत नाही.

दिव्याच्या बोल्टवर ८८ मिलिव्होल्ट मिळाले. आठ मिलिमीटरच्या नटाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घालून लग आवळला आणि तिथे ३१ मिलिव्होल्ट मिळाले. म्हणजे पहिल्या जागी जवळपास दहा मिलिओहम आणि दुसऱ्या जागी साडेतीनच्या आत. पूर्ण २७ अँपिअरवर हा फरक पाव व्होल्ट आणि दशांश व्होल्ट असा पडेल. दिव्याचा बोल्ट पातळ पत्र्यावर आहे आणि त्याच्यावर ब्रेकचे दिवेही अवलंबून आहेत, हे वेगळेच. जाड पत्र्यावरची जागा निश्चित केली. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच, १६ चौरस मिलिमीटरची आणि लांबीला वीतभर ठेवली. आवळल्यावर उघड्या पत्र्याला वरून रंग दिला, कारण उघडा ठेवलेला पत्रा पहिल्याच पावसाळ्यात गंजतो आणि आज मिळालेले ३१ मिलिव्होल्ट मग टिकणार नाहीत.

बॅटरीजवळच्या बॉडीपासून निगेटिव्ह खांबापर्यंतची घटही मोजली. ती एवढी कमी होती की तिथे जादा पट्टा टाकायची गरज वाटली नाही. अल्टरनेटर, इंजिन आणि बॅटरी यांच्यातल्या मूळ वायरी बदलण्याचा प्रघात हजार वॅटच्या पुढच्या गाड्यांसाठी ठीक आहे.

१८ मे २०२५, रविवार

गाडीचा मूळ स्टिरिओ तसाच ठेवला आहे. त्याला मागे आरसीए आउटपुट, म्हणजे अँप्लिफायरसाठीचे वेगळे सिग्नलचे जोड, नाहीत, म्हणून अँप्लिफायरच्या हाय-लेव्हल इनपुटला (स्पीकरच्या वायरीवरून थेट सिग्नल घेणाऱ्या जोडाला) मागच्या स्पीकरचा सिग्नल दिला. कंपनीची वायर न कापता स्टिरिओच्या मागे टी-आकाराचा जोड लावला, म्हणजे उद्या सगळे काढायचे झाले तर गाडी मूळ रूपात परत येईल. हमीच्या काळातल्या गाडीत तर दुसरा मार्ग नाहीच, कारण कापलेल्या वायरिंगवरून हमी नाकारली जाऊ शकते.

अशा स्टिरिओच्या स्पीकरचा निगेटिव्ह म्हणजे अर्थ नव्हे. आतला अँप्लिफायर दोन्ही वायरी ढकलतो आणि त्या दोन्हींवर बॅटरीच्या निम्मे, सुमारे सहा व्होल्ट कायम उभे असतात. यातली कुठलीही वायर बॉडीला टेकवली तर स्टिरिओची आउटपुट चिप जाऊ शकते. याच सहा व्होल्टचा उपयोग नवा अँप्लिफायर स्वतःला चालू करण्यासाठी करतो, त्यामुळे चालू होण्याचा इशारा देणारी वेगळी रिमोट वायर लागली नाही. तरीही ०.७५ चौरस मिलिमीटरची एक जादा वायर सिग्नलसोबत ओढून तिची दोन्ही टोके झाकून ठेवली. पट्ट्या पुन्हा उपसण्यापेक्षा ती आत्ताच तिथे असलेली बरी.

सिग्नलच्या वायरींना पीळ देऊन त्या डाव्या उंबऱ्याखालून नेल्या. पॉवर आणि सिग्नल एका बाजूने नेऊ नये, नाहीतर अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येते, असे सगळीकडे सांगतात. सबवूफरच्या बाबतीत ही भीती थोडी फुगवलेली आहे. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर एका फेऱ्यात ३६ ठोके देतो आणि इंजिन आयडलला असताना तो मिनिटाला दोनेक हजार फेरे घेतो, म्हणजे शिट्टी १२०० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. आपला फिल्टर ८० हर्ट्झच्या वरचे कापून टाकणार आहे. पुढे कधी दारांच्या स्पीकरसाठी अँप्लिफायर आला तर मात्र ही वेगळी वाट उपयोगी पडेल.

सबवूफरच्या दोन्ही कॉइल चार-चार ओहमच्या आहेत, त्या समांतर जोडून दोन ओहम केल्या. पेटीपर्यंतची वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली. पेटी पट्ट्याने सीटच्या पाठीला बांधली आहे, कारण डिकीतली पंधरा-वीस किलोची सुटी वस्तू जोराच्या ब्रेकला पुढे येते.

२४ मे २०२५, शनिवार

शेवटी फ्यूज कायमचा बसवला. बॅटरीला टर्मिनल जोडताना अँप्लिफायरच्या आतले कपॅसिटर भरतात आणि छोटी ठिणगी उडते. ती घाबरण्यासारखी नसते.

गेन, म्हणजे येणारा सिग्नल अँप्लिफायरने किती वाढवायचा ते प्रमाण, कानाने न लावता मीटरने लावला. पॉवर गुणिले रोध आणि त्याचे वर्गमूळ, म्हणजे ३०० गुणिले २ याचे वर्गमूळ २४.५ व्होल्ट. सबवूफरची वायर काढून ठेवली, स्टिरिओचा बास शून्यावर नेला, आवाज कमालीच्या तीन-चतुर्थांशावर ठेवला, ५० हर्ट्झचा स्वर लावला आणि आउटपुटवर २४.५ व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवला. ५० हर्ट्झचाच स्वर घेण्याला कारण आहे. आपल्या घरातली वीज त्याच वारंवारतेची असल्याने स्वस्तातला मल्टिमीटरही तिथे बरोबर मापतो. गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे, हे दुकानात सांगून पटत नाही.

नंतर सबवूफर जोडून, इंजिन चालू ठेवून काही सेकंद हाच स्वर वाजवला आणि वायरीभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर १४ अँपिअर पाहिले. २७ येणे अपेक्षित नव्हतेच, कारण बंद पेटीतल्या सबवूफरचा रोध या भागात छापील दोन ओहमपेक्षा बराच वर चढतो. त्या प्रवाहावर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अँप्लिफायरच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.१२ व्होल्ट घट मिळाली आणि निगेटिव्ह बाजूला ०.०५. वायरीच्या हिशेबाने पॉझिटिव्हवर ०.०९ हवी होती, वरचे ०.०३ फ्यूज आणि लगांचे. संपूर्ण कामात ज्यावर विश्वास ठेवावा असा आकडा हाच आहे. ‘४ गेज’ की ‘८ गेज’ हे आवरणावर कोणीही छापू शकतो.

२७ मे २०२५, मंगळवार

मान्सून काल मुंबई-पुण्यात पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. नेहमीपेक्षा जवळपास पंधरवडा आधी आल्याने नळीने पाणी मारून ग्रोमेट तपासायचा बेत आपोआप रद्द झाला. रात्रभर गाडी उघड्यावर ठेवली होती. सकाळी चालकाच्या पायाखालची चटई उचलून पाहिली, आतला गालिचा कोरडा आहे. बोंडीभोवती बोट फिरवले तर तेही कोरडे आले. जुन्या भोकाच्या बुचाच्या कडेला किंचित ओल होती, म्हणून ते काढून, जागा पुसून, सिलिकॉन लावून पुन्हा बसवले.

१ जून २०२५, रविवार

गाडी बंद असतानाचा प्रवाह पुन्हा मोजला. अर्ध्या तासाने तो २४ मिलिअँपिअरवर आला, म्हणजे अँप्लिफायर झोपेत दोन मिलिअँपिअर घेतो. दिवसाला एकूण ०.५८ अँपिअर-तास. या हिशेबाने ३५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी व्हायला महिना लागेल, त्यामुळे गावाला जाताना फ्यूज काढून ठेवण्याची गरज नाही.

आठवडाभर वापरून झाल्यावर फ्यूज होल्डर आणि दोन्ही टोकांचे लग हाताने चाचपले, कुठेही गरम नाहीत. अर्थचा बोल्ट पाव फेरा आवळला गेला. तांबे दाबाखाली थोडे बसते, त्यामुळे हे अपेक्षित होते, आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा एकदा आवळायचा आहे. नंबर प्लेट खडखडते, तिच्यामागे फोमची पट्टी लावायची राहिली आहे. ५० अँपिअरचा एक जादा फ्यूज आणि वायरींच्या मार्गाचा, मापे लिहिलेला नकाशा डिकीच्या गालिच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आहे.